जुन्या बत्तीसच्या पाच पंजांबाबत

घडले ते असे:

१. दि. ३ सप्टेंबर २०२५ रोजी नागपूरच्या घाऊक विक्रेत्याचे पत्र आले. सरकारी कारखाना जुन्या बत्तीस बोअर रिव्हॉल्वरचे उत्पादन बंद करण्याचा विचार करत आहे. निर्णय झालेला नाही. सुटे भाग यापुढे मिळतीलच असे सांगता येत नाही.

२. दि. ७ रोजी त्या पत्राचा फोटो परवानाधारकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. फोटोत वरची अर्धी बाजू कापलेली होती. "निर्णय झालेला नाही" हे वाक्य त्या अर्ध्या बाजूत होते.

३. पुढच्या अकरा दिवसांत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले त्रेचाळीस जण आपापले रिव्हॉल्वर घेऊन माझ्या दुकानात आले. बेचाळीस जणांचे काहीही बिघडलेले नव्हते.

४. एकाचे बिघडलेले होते. ते सहा वर्षांपूर्वी मी बिघडवले होते. तशी आणखी चार आहेत.

५. दि. २२ सप्टेंबर रोजी नाशिकच्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाची एक झडप बदलावी लागेल असे सांगितले. शस्त्रक्रियेची तारीख २४ नोव्हेंबर.

६. म्हणून हे मृत्युपत्र.

वरील मुद्दे सुरुवातीला नसावेत, असे माझे वकील ॲड. जितेंद्र नेहेते यांचे मत आहे. "आधी तुमचं नाव-गाव, मग मालमत्ता, मग उरलेलं," ते म्हणाले. माझ्या बाबतीत उरलेले हेच मुख्य आहे. मालमत्ता थोडी आहे आणि ती लवकर संपेल.

मी, हर्षिता मदनलाल बुरड, वय ३१ वर्षे, शिक्षण टूल अँड डाय मेकिंगमधील पदविका, व्यवसाय परवानाधारक शस्त्रविक्री व दुरुस्ती, राहणार जळगाव, पूर्ण शुद्धीवर आहे. झडप नीट मिटत नाही, त्याचा डोक्याला उपद्रव नाही. तसे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून करत नाही. उलट, करू नकोस असे घरातल्या सर्वांनी सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मी अविवाहित आहे. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडण्याची शक्यता डॉक्टरांनी शंभरात सत्त्याण्णव सांगितली. मी ज्या कामात आहे तिथे शंभरात तीन हा आकडा लहान मानत नाहीत.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. माझे वडील मदनलाल बुरड २०२२ मध्ये वारले. दोन जिल्ह्यांतल्या लोकांना ते सांगत, "हत्याराचा वारस जिवंतपणी लिहून ठेवा, नाहीतर ते पोलीस ठाण्याच्या कोठीत गंजतं." स्वतःचे त्यांनी काही लिहिले नाही. त्यांचे रिव्हॉल्वर तीन वर्षांपासून कोठीत आहे.

कलम १. राहते घर

राहत्या फ्लॅटमधला माझा निम्मा हिस्सा, बँकेतली शिल्लक आणि विम्याचे जे येईल ते माझी आई जतनबाई मदनलाल बुरड, वय ६१, हिला द्यावे. तिने हे वाचू नये अशी माझी इच्छा होती, पण कागद टाइप होऊन आला तेव्हा दार तिने उघडले. तिने सगळे उभ्यानेच वाचले.

"बेटा, यात आधी बंदूक आहे, मग हृदय आहे," ती म्हणाली.

"घडलं त्या क्रमाने लिहिलंय."

"आणि मी कुठे आहे?"

"कलम एक."

"म्हणजे हृदयानंतर," असे म्हणून ती पोळ्या करायला गेली, कारण सूर्यास्त जवळ आला होता.

कलम २. दुकानाचा गाळा

गाळा वडिलांनी २०२० मध्ये बक्षीसपत्राने माझ्या नावे केला. तो आईला द्यावा. ती या दुकानात लग्नापासून एकदाही आलेली नाही. डबा घेऊन आली तर शेजारच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसते आणि फोन करते. मालकीण झाल्यावरही तिने आत यावे अशी अट नाही. अट एकच आहे, ती कलम ६ मध्ये आहे.

जैन घराण्यात बंदुकांचे दुकान कसे, हे मला आयुष्यात सर्वांत जास्त वेळा विचारले गेले आहे, म्हणून एकदा लिहून ठेवते. आजोबांनी १९६४ मध्ये भुसावळच्या एका पारशी मित्राकडून ते घेतले. मित्र परदेशी निघाले होते, आजोबांना नाही म्हणता येत नसे. घेतल्यावर त्यांनी तीन नियम केले. पर्युषणाचे आठ दिवस दुकान बंद. अष्टमी-चतुर्दशीला काडतुसे विकायची नाहीत. आणि घरातल्या कोणीही, कधीही, गोळी झाडायची नाही. विकायचे, दुरुस्त करायचे, चालवायचे मात्र नाही. हे तर्कात बसत नाही हे मला कळते. आमच्या घरात बसते. मी स्वतः बाराव्या वर्षी चातुर्मासात साध्वीजींकडून तसा नियम घेतला आहे आणि तो मोडलेला नाही.

याचा अर्थ, दुरुस्त केलेले प्रत्येक हत्यार झाडून पाहायला घराबाहेरचा माणूस लागत असे. तो माणूस कलम ५ मध्ये आहे.

कलम ३. पारस

माझा मोठा भाऊ पारस, धुळ्यात कापडाच्या धंद्यात. त्याला वडिलांचे घड्याळ, वडिलांची खुर्ची आणि माझी सर्व पुस्तके द्यावीत. पुस्तके तो वाचणार नाही, पण शोकेस भरेल. रुची भाभींना माझ्या चार रेशमी साड्या द्याव्यात. त्या मला स्थळांच्या प्रत्येक बैठकीला नेसवण्यात आल्या, पण एकाही बैठकीत उपयोगी पडल्या नाहीत. याचे कारण साड्या नव्हेत. पारस मुलाकडच्यांना सांगत असे की बहीण सिक्युरिटी इक्विपमेंटमध्ये आहे.

"म्हणजे सीसीटीव्ही?" एकदा मुलाच्या वडिलांनी विचारले.

"त्याच लाइनमध्ये," पारस म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "रिव्हॉल्वर." चहा तिथेच संपला.

याबद्दल मी पारसला संवत्सरीला, आमच्या क्षमेच्या दिवशी, क्षमा केली आहे. लिहून ठेवते आहे ते फक्त नोंद म्हणून.

कलम ४. स्कूटर

ती डॉ. मोनाली भंगाळे यांना द्यायची होती. त्यांचा दवाखाना दुकानाच्या वर आहे आणि माझ्या दोन दाढा त्यांच्या हातच्या आहेत. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी त्यांना विचारले, स्कूटर की सही? त्या म्हणाल्या, "सही. तुझ्या स्कूटरचा मागचा ब्रेक मला माहितीये." स्कूटर विकावी. ब्रेक आधी दुरुस्त करावा.

कलम ५. रुपचंद नाना

हे कलम लांब आहे. ॲड. नेहेते यांनी ते लहान करायला दोनदा सांगितले.

रुपचंद तोताराम वराडे, राहणार बोदवड, हे आमच्या दुकानात अडतीस वर्षे मिस्त्री होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांची मुलगी किरण आयटीआयची फिटर झाली आणि २०१४ पासून त्यांच्या शेजारी त्याच बाकावर बसू लागली. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. मला ताई म्हणते, कारण दुकान आमचे होते.

जुनी बत्तीस म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सहा गोळ्यांचे साधे, जड रिव्हॉल्वर. आमच्या भागात सोन्याचे व्यापारी, दालमिलवाले, केळीचे बागायतदार आणि निवृत्त फौजदार यांच्याकडे ते असते. बहुतेकांनी ते कधी झाडलेले नसते. नवे मॉडेल हलके आहे, दिसायला चांगले आहे आणि कोणाला आवडत नाही. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने एका हातात जुने आणि दुसऱ्यात नवे धरून पाहिले आणि म्हणाला, "ताई, हाई नवी तं टीव्हीना रिमोट शे."

घोडा मागे गेला की आतला एक बोटाच्या पेराएवढा तुकडा वर सरकतो आणि गोळ्यांचे चाक एका घराने पुढे फिरवतो. आम्ही त्याला पंजा म्हणतो. पंजा आखूड असला तर चाक पूर्ण फिरत नाही आणि गोळी नळीच्या नेमकी समोर येत नाही. कधी चाक अडकते. कधी अडकत नाही, ते जास्त वाईट. कारखान्यातून पंजा थोडा जास्त लांबीचा येतो आणि प्रत्येक रिव्हॉल्वरपुरता घासून बसवावा लागतो. नाना तो कानाने बसवत. घोडा हळू ओढायचे, चाक बसल्याचा आवाज ऐकायचे, कानस एकदा फिरवायचे, पुन्हा ऐकायचे. मग परवानगी काढून गोळीबार मैदानावर सहाच्या सहा घरे झाडून पाहायचे.

मी २०१८ मध्ये पदविका घेऊन परत आले. जून २०१९ मध्ये नानांनी नुकतीच बसवलेली पाच रिव्हॉल्वर मी मापली. पाचही पंजे माझ्याजवळच्या ड्रॉइंगपेक्षा तीन दशांश मिलिमीटर लांब निघाले. मी पाच लाल चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीवर लिहिले: फिटिंग रुपचंद, नापास. खाली माझी सही. चिठ्ठ्या किरणच्या समोर बांधल्या.

नाना म्हणाले, "पोरी, तुह्या कागदात नही बसत. पन एक डाव झाडून तं पाय."

मी म्हणाले, "माझा नियम आहे, नाना. आणि मापाला झाडून पाहावं लागत नाही."

"मंग मी झाडतो, तू पाय."

"गरज नाही."

वडील गल्ल्यावर होते. त्यांनी दोघांकडे पाहिले आणि नानांना म्हणाले, आता तुम्ही घरी आराम करा. त्यांनी हे प्रेमाने म्हटले असावे. नानांनी चष्मा डबीत घातला आणि साडेचारच्या गाडीने बोदवडला गेले. किरण मागे थांबली. तिने बाक पुसला, कानशी आकाराने लावल्या आणि मला म्हणाली, "तुमचं माप बरोबर असंल, ताई. पण बाबांचं नाव चिठ्ठीवर लिहायला नको होतं." ती पुन्हा आली नाही. सध्या ती जळगावातल्या एका पाइपच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. पाइप मापते.

मी पाचही पंजे ड्रॉइंगप्रमाणे घासले आणि रिव्हॉल्वर मालकांना परत दिली. झाडून पाहायला आता कोणी नव्हते. गेजच्या, म्हणजे तयार मापाच्या, तपासणीत पास झाली, तेवढे पुरेसे मानले. त्यानंतर आमच्या दुकानातून न झाडता हत्यारे गेली. सहा वर्षे.

दि. ११ सप्टेंबर २०२५ रोजी शिंदखेड्याचे शेतकरी जीवराम देवरे आले. पंधरावे की सोळावे असतील. बाकीच्यांसारखाच त्यांचा प्रश्न होता.

"ताई, कारखाना बंद व्हई ऱ्हायना म्हनतस. मंग मनी चाली का नही?"

"कारखाना बंद झाला तरी तुमची चालेल, आबा. तिला काय झालंय?"

"तिले काय व्हयनं नही. फक्त तिसरी गोयीले अडकस."

मी विचारले, केव्हापासून? त्यांनी मोजून सांगितले. गेल्या वर्षी मैदानावर सरावाला गेले तेव्हा तिसऱ्या गोळीला चाक अडकले. त्याआधीही एकदा, पिकात रानडुकरे आली तेव्हा.

"मग आला का नाहीत?"

"तुमीच तं दुरुस्त करीसन दिन्ही व्हती. तुमना कागद बी शे. पास लिखेल शे." त्यांनी माझे २०१९ चे प्रमाणपत्र दाखवले. प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेले होते. "म्हनलं, मनाच हात मा काय व्हई."

नागपूरच्या पत्रासोबत सुट्या भागांची अखेरची यादी आली होती आणि यादीमागे जुन्या बत्तीसचे ड्रॉइंग होते. जुनीचे ड्रॉइंग आमच्या दुकानात त्याआधी कधीच नव्हते. नानांना त्याची गरज पडली नव्हती. मी २०१९ मध्ये वापरले ते ड्रॉइंग आणि ते गेज नव्या मॉडेलचे होते. दोन्ही पंजे दिसायला सारखे आहेत. जुनीचा पंजा नव्यापेक्षा तीन दशांश लांब असतो.

म्हणून मी पुढीलप्रमाणे जाहीर करते. रुपचंद तोताराम वराडे यांनी जून २०१९ मध्ये बसवलेले पाचही पंजे बरोबर होते. माझ्या पाचही चिठ्ठ्या चूक होत्या. त्यानंतर मी दिलेली पाच प्रमाणपत्रेही चूक होती. पाचही मालकांना मी हे लेखी कळवले आहे आणि पाचही रिव्हॉल्वर दुकानात परत जमा करून घेतली आहेत. जीवराम देवरे यांना कळवले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे मना हात बराबर शे?" मी हो म्हणाले. त्यांना राग येईल असे वाटले होते. ते खूश झाले आणि घरी फोन लावून बायकोला सांगू लागले.

मी दरवर्षी संवत्सरीला मोबाइलमधल्या सर्व नंबरांवर मिच्छामि दुक्कडम् पाठवते. त्यात किरणचा नंबर आहे. पहिल्या वर्षी तिने हात जोडल्याचे चित्र पाठवले, नंतर काही नाही. तो संदेश चारशे बारा जणांना जातो. तो क्षमायाचना म्हणून धरू नये.

कलम ६. पाच पंजे आणि दुरुस्तीचा बाक

घासून गेलेले लोखंड भरून येत नाही. पाच रिव्हॉल्वरना पाच नवे पंजे लागतात. नागपूरच्या विक्रेत्याला विचारले. तो म्हणाला, "मॅडम, नग पाचच आहेत. सहावा मागू नका. पुढचा माल येईल का, ते कारखान्यालाच माहिती नाही." पाचही मागवले. ते २९ सप्टेंबरला आले. तेलकागदात गुंडाळून कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात आहेत.

म्हणजे एकही चुकवायला जागा नाही. ते मी बसवू शकते का? माप आता बरोबर आहे, कानस हातात बसते. पण माप बरोबर आहे असे मला २०१९ मध्येही वाटत होते. आणि बसवल्यावर झाडून पाहावे लागेल. पारस म्हणाला, "एक गोळी वाळूत मार. कोणाला लागणारे?"

"प्रश्न लागण्याचा नाही," मी म्हणाले.

"मग कशाचा आहे?"

ते त्याला माहीत आहे. तोही त्याच घरातला आहे.

दुसऱ्या कोणाकडून झाडून घेता येईल. पण तो फक्त अडकले की नाही एवढे सांगेल. झाडताना हाताला काय लागले आणि त्यावरून कानस कुठे फिरवायची, हे ज्यांना कळते असे दोघेच आहेत, नाना आणि किरण. दि. १२ ऑक्टोबर रोजी मी बोदवडला गेले. नाना ओसरीवर बसले होते. त्यांना आता नीट दिसत नाही, आवाजावरून त्यांनी मला ओळखले. मी सगळे सांगितले, दोन्ही ड्रॉइंगसकट. ते ऐकून घेतल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी एक पंजा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो अंगठ्याने चाचपला.

"कोरा हाये," ते म्हणाले. "चांगला हाये." आणि परत दिला. त्यांच्या हाताला आता कंप आहे, कानस धरता येत नाही. ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

मी माफी मागितली. घरातून कमलबाई, त्यांची पत्नी, चहा घेऊन आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

"मले कायले मांगते?" नाना म्हणाले. "मले तं तवाच मालूम व्हतं, मी बरोबर हाये. चिठ्ठी तू किरणच्या डोयासमोर लिव्हली. तिले वाटलं, बाप चुकला. सहा वर्सं वाटलं."

"ती फोन उचलत नाही, नाना."

"नही उचलनार." त्यांनी चहा बशीत ओतला. "लिव्हून दे. तवा सही करून लिव्हलं व्हतं, आता बी सही करून लिव्ह."

कमलबाई म्हणाल्या, "अन तिले ये म्हन. नुसतं चुकलं म्हनू नको. कामाले ये म्हन."

त्यानुसार हे कलम. दुरुस्तीचा बाक, पकड, सर्व कानशी, मायक्रोमीटर, व्हर्निअर, जुन्या बत्तीसचे ड्रॉइंग, सुट्या भागांचा साठा आणि वरील पाच पंजे मी किरण रुपचंद वराडे हिला देत आहे. गाळ्याचा मागचा अर्धा भाग ती दुरुस्तीचे काम करेल तोपर्यंत तिच्याकडून कोणी काढून घेऊ नये. हीच कलम २ मधली अट. आईने ती मान्य केली आहे. "ती पोर डबा खायला पायरीवर यायची, तुझ्यासारखी बाकावर जेवायची नाही," असे तिचे म्हणणे आहे.

वडिलांचे कोठीतले रिव्हॉल्वर सुटले तर त्यातला माझा हक्कही किरणचा. त्याचा पंजा नानांनी बसवलेला आहे आणि त्याला मी हात लावलेला नाही. नमुना म्हणून उपयोगी पडेल.

नव्या मॉडेलचे गेज कोणाला देऊ नये. ते चुकीचे नाही, दुसऱ्या हत्याराचे आहे. मी त्याला तसे लेबल लावले आहे, सहा वर्षे उशिरा.

कलम ७. हे कलम आधीच का पाठवले जात आहे

वस्तू देता येतात. दुरुस्तीचा परवाना देता येत नाही, तो माझ्याबरोबर संपतो. ॲड. नेहेते यांनी सांगितल्याप्रमाणे, मी हयात असताना किरणचे नाव परवान्यात जोडण्याचा संयुक्त अर्ज गेला तर काम चालू राहू शकते. अर्जावर दोघींच्या सह्या लागतात आणि मला २० नोव्हेंबरला नाशिकला दाखल व्हायचे आहे. अर्ज न जाता माझे काही झाले, तर दुकानातली सर्व हत्यारे पोलीस ठाण्यात जमा होतील आणि ही पाच रिव्हॉल्वर दुरुस्त न होता तिथेच राहतील. पंजे वेगळ्या कपाटात असल्यामुळे भंगारात जातील. कारखाना बंद झाला तर दुसरे मिळणार नाहीत. तो बंद होईल की नाही हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण हातात आहेत ते पाच आहेत.

म्हणून मृत्युपत्राची एक प्रत आजच किरणला पाठवत आहे. यावर ॲड. नेहेते म्हणाले, "ताई, मृत्युपत्रात उत्तर मागत नाहीत. ते वाचायच्या वेळी उत्तर द्यायचं कोणाला?"

"मागितलं तर बेकायदेशीर आहे का?"

"तसं नाही."

"मग राहू द्या."

शस्त्रक्रियेनंतर मी परत आले तरी कलम ६ मधील बाकाची व्यवस्था तशीच राहील. तेव्हा बाक दोघींचा असेल. कानशी तिच्या.

कलम ८. अंमलबजावणी

हे मृत्युपत्र ॲड. जितेंद्र नेहेते यांनी अमलात आणावे. अंत्यविधी घरच्या पद्धतीने व्हावा, भाषणे नकोत. पर्युषण असेल तर दुकानाचे शटर उघडू नये, चौकशीसाठीसुद्धा. मला ओळखणाऱ्या सर्वांबद्दल माझी तक्रार संपली आहे. अपवाद नाहीत. पारसही नाही.

हे सर्व मी वाचले, दोनदा तपासले आणि माझ्या समजुतीने बरोबर आहे म्हणून सही केली. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना करताना पाहिले.

सही: हर्षिता मदनलाल बुरड

साक्षीदार १: डॉ. मोनाली भंगाळे, दंतवैद्य, जळगाव
साक्षीदार २: प्रेमराज सरोदे, भांड्यांचे व्यापारी, जळगाव

स्थळ: जळगाव
दिनांक: ५ नोव्हेंबर २०२५

प्रत रवाना: श्रीमती किरण रुपचंद वराडे, जळगाव

किरण,

सोबतचे कलम ५ आधी वाच. नानांना ते मी वाचून दाखवले आहे. त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला, तो बदलला आहे.

अर्ज तयार आहे. माझी सही झाली आहे, तुझी जागा कोरी आहे. हो असेल तर ओळखपत्र आणि दोन फोटो घेऊन ये. नाही असेल तर एक ओळ पुरे, कारण विचारणार नाही. पाचही मालकांना तसे कळवून हत्यारे मी स्वतः पोलीस ठाण्यात जमा करीन, पण ते करायला मला चार दिवस लागतील. म्हणून नाही असले तरी उत्तर हवे.

दुकान दहा ते सहा उघडे असते. मी असते.

कृपया शनिवार, दि. १५ नोव्हेंबर २०२५ रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत उत्तर कळवावे.

हर्षिता